कोकण किनाऱ्यावर हत्तीकुळातील जीवाश्म सापडल्यास: पहिल्या नोंदीपासून वर्गीकरणापर्यंत

चिरेखाणीत, विहिरीच्या खोदाईत, खाडीच्या कडेला किंवा ट्रॉलरच्या जाळ्यात दगडासारखे जड हाड किंवा भली मोठी दाढ मिळाली, की ‘हे कशाचे?’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो आणि मोबाइलवर छायाचित्र पाहणाऱ्यांपैकी कोणीतरी लगेच ‘मॅमथ’ असे उत्तर देऊन मोकळा होतो. या लेखाचा आग्रह असा आहे की हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. वस्तू नेमकी कुठे आणि कोणत्या थरात मिळाली, ती खरोखर जीवाश्म आहे का, तिचे काय काय मोजता येते, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी हाताशी असतील तरच नावाला काही अर्थ राहतो. जागेची नोंद नसलेली दाढ कितीही सुंदर असली तरी अभ्यासासाठी ती जवळजवळ निरुपयोगी होते. उलट नोंद चोख असेल तर हाडाच्या तुकड्यावरूनही पुष्कळ काही सांगता येते.

काय मिळू शकते आणि काय नाही

कामाला लागण्यापूर्वी आपल्या भूमीची माहिती हवी. कोकणचा पाया म्हणजे दख्खनचा काळा कातळ. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. त्या काळात हत्तीकुळ अस्तित्वातच नव्हते, त्यामुळे काळ्या कातळात हत्तीचे हाड शोधण्यात अर्थ नाही. लाव्हारसाच्या दोन थरांमध्ये साचलेल्या गाळात मात्र जीवाश्म मिळतात. मुंबईत वरळीच्या अशाच थरांतून एकोणिसाव्या शतकात बेडूक आणि कासवे यांचे अवशेष मिळाले आणि ते जगभर प्रसिद्ध झाले. पण ते सगळे हत्तीच्या फार पूर्वीचे आहेत.

कातळावरचा जांभा ही दुसरी अडचण. जांभा पाण्याने झिजून आणि निथळून तयार होतो. भरपूर पाऊस आणि आम्लधर्मी माती यांच्यापुढे हाडातील चुन्याचा अंश टिकत नाही. महाराष्ट्रातील हिमयुगीन प्राण्यांचे अवशेष प्रामुख्याने घाटावरच्या नद्यांच्या चुनखडीयुक्त गाळात, म्हणजे गोदावरी, मांजरा, घोड यांच्या खोऱ्यांत का मिळतात, याचे मोठे कारण हेच आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या गाय पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये गोदावरीच्या गाळातील प्राचीन हत्तीची नोंद प्रसिद्ध केली होती. तो हत्ती आज पॅलिओलॉक्सोडॉन नमाडिकस या नावाने ओळखला जातो. मूळ नाव फाल्कनर आणि कॉटली यांनी नर्मदेच्या खोऱ्यातील अवशेषांवरून दिले होते.

म्हणून कोकणात आशा ठेवण्याजोग्या जागा मोजक्याच आहेत. किनाऱ्यालगत शंख-शिंपल्यांच्या वाळूचा घट्ट झालेला दगड असतो, त्याला अनेक ठिकाणी करळ म्हणतात. त्यात चुना भरपूर असल्याने हाड टिकू शकते. खाजणातील, म्हणजे भरतीचे खारे पाणी येणाऱ्या सखल जमिनीतील, काळ्या चिखलात हवा पोहोचत नाही, तिथे लाकूडसुद्धा टिकते. मुंबईच्या प्रिन्सेस डॉकच्या खोदाईत एकोणिसाव्या शतकात चिखलाखाली गाडलेली झाडे उभी सापडली होती, हे या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत जांभ्याखाली काही ठिकाणी कोळसट चिकणमाती आणि लिग्नाइट (तपकिरी कोळसा) लागते. विहीर खणताना असा काळा थर लागला तर तो नीट पाहावा.

चौथी जागा समुद्राचा तळ आहे आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित जागाही तीच. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन कडाक्यात, जगभरातील समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. आज जिथे आपले ट्रॉलर जाळी ओढतात त्यातील बराचसा भाग तेव्हा कोरडी जमीन होता. युरोपातील उत्तर समुद्राचीही गोष्ट हीच आहे. तिथे मच्छीमारांच्या जाळ्यांतून मॅमथच्या दाढा आणि हाडे इतक्या मोठ्या संख्येने वर आली, की पाण्याखाली गेलेल्या त्या प्रदेशाचा अभ्यास ही एक स्वतंत्र शाखाच झाली. १९३१ मध्ये ‘कॉलिंडा’ नावाच्या ट्रॉलरच्या जाळ्यात आलेल्या पीटच्या (दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) ढेकळात मानवाने घडवलेला शिंगाचा काटेरी भाला मिळाला होता. आपल्या तांडेलांनी (नौकेच्या प्रमुखांनी) आणि खलाशांनी जाळ्यातला ‘दगड’ परत पाण्यात टाकण्यापूर्वी क्षणभर पाहिला तर इथेही ज्ञानात मोलाची भर पडू शकेल.

राहिला मॅमथ. लोकरी मॅमथ हा थंड, कोरड्या गवताळ प्रदेशाचा प्राणी. त्याचे अवशेष उत्तर युरोप, सायबेरिया, चीनचा उत्तर भाग आणि उत्तर अमेरिका येथे मिळतात. कोकणात तो नव्हता. भारतीय उपखंडात हिमयुगात वावरणारे हत्तीकुळातील प्राणी म्हणजे पॅलिओलॉक्सोडॉन, स्टेगोडॉन आणि आजच्या आशियाई हत्तीचे पूर्वज व आप्त. शिवालिकच्या थरांतील एलिफस प्लॅनिफ्रॉन्स या प्राण्याला काही अभ्यासकांनी मॅमथच्या गोतावळ्यात बसवले होते, पण तो वाद हिमालयाच्या पायथ्याचा आहे. मग मॅमथच्या वर्गीकरणाची पद्धत आपण का शिकायची? कारण हत्तीकुळाचे वर्गीकरण ज्या पद्धतीने होते ती पद्धतच मॅमथच्या अभ्यासातून घडली आहे आणि ‘हा मॅमथ नाही’ हे सिद्ध करण्यासाठीही तीच वापरावी लागते.

पहिली पायरी: हात न लावता नोंद

वस्तू जमिनीत अर्धवट दिसत असेल तर ती ओढून काढू नये. हाड बाहेरून भक्कम दिसले तरी आतून भुसभुशीत असू शकते, आणि ओढताना तुटलेल्या टोकाचा चुरा पुन्हा जोडता येत नाही. प्रथम छायाचित्रे घ्यावीत. दुरून एक, ज्यात ओळखीची खूण (माड, बांध, घर, खडपा) येईल. मध्यम अंतरावरून एक, ज्यात मातीचे थर दिसतील. आणि जवळून अनेक, प्रत्येकात मोजपट्टी ठेवून. मोजपट्टी नसेल तर नाणे चालेल, पण ते कोणते नाणे हे लिहून ठेवावे. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पृष्ठभागावरच्या रेघा स्पष्ट दिसतात, म्हणून शक्य असल्यास तेव्हा पुन्हा छायाचित्रे घ्यावीत.

मोबाइलवरील अक्षांश-रेखांश दशांश चिन्हानंतर पाच अंकांपर्यंत लिहावेत. त्यासोबत गाव, वाडी, गट नंबर, जमिनीपासूनची खोली आणि वरपासून खालपर्यंतचे थर (जांभा, पिवळी माती, गोटे, काळी चिकणमाती, वाळू) त्यांच्या जाडीसह लिहावेत. थराचा रंग ओल्या मातीत वेगळा आणि कोरड्या मातीत वेगळा दिसतो, तेव्हा माती ओली होती की कोरडी हेही लिहावे. नोंद त्याच दिवशी, शक्यतो त्याच जागी बसून पूर्ण करावी, कारण स्मरणातून उतरवलेल्या खोलीच्या आकड्यावर कोणी विसंबू शकत नाही.

किनाऱ्यावर आणखी एक नोंद अत्यावश्यक आहे, ती म्हणजे तिथी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या वेळी ओहोटीचे पाणी जितके खाली जाते तितके अष्टमीच्या भांगेला जात नाही. त्यामुळे पौर्णिमेला उघडी पडलेली जागा आठवड्याने पाण्याखालीच राहते आणि पाहायला आलेला तज्ज्ञ रिकाम्या हाताने परततो. तिथी, ओहोटीची वेळ आणि तेव्हा पाण्याची रेषा वस्तूपासून किती अंतरावर होती हे लिहिले, तर पुढची भेट नेमकी ठरवता येते. लाटेने वस्तू वाहून जाण्याचा धोका खरोखर असेल तर, आणि तेव्हाच, वरील सर्व नोंदी करून ती उचलावी.

जाळ्यात आलेल्या वस्तूची जागा एका बिंदूने सांगता येत नाही, कारण जाळे तास-दोन तास ओढलेले असते. म्हणून जाळे सोडल्याची आणि उचलल्याची जागा, दोन्ही वेळा, फिश फाइंडरवरील खोली आणि जाळ्यात सोबत आलेला चिखल किंवा शिंपले कसे होते, हे तांडेलाकडून त्याच दिवशी लिहून घ्यावे. हाडाला चिकटलेला चिखल धुऊन टाकू नये. त्यातील सूक्ष्म जीवांचे सांगाडे आणि परागकण यांवरून ते हाड खाऱ्या पाण्यात पडले की गोड्या, हे पुढे कळू शकते.

दुसरी पायरी: हाड की दगड, जुने की कालचे

जांभ्यात नळ्यांसारखे, गाठींसारखे आकार निसर्गतः तयार होतात आणि ते हाडासारखे दिसतात. ताज्या तुटलेल्या कडेकडे भिंगातून पाहावे. हाडात बाहेर घट्ट कवच आणि आत बारीक छिद्रांची जाळी असते, जांभ्यातील पोकळ्या वेड्यावाकड्या असून त्यांच्या आकाराला काही नियम नसतो. जाळून पाहणे, आम्ल टाकणे, तासून पाहणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत.

आपल्या किनाऱ्यावर सर्वाधिक फसगत होते ती देवमाशाच्या हाडांमुळे. मोठे देवमासे या किनाऱ्याला अधूनमधून लागतात. २०१५ मध्ये रेवदंड्याला निळा देवमासा आला होता आणि २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिल्लू. त्यांचे मणके वाळूत गाडले जाऊन वर्षांनी उघडे पडतात. देवमाशाचा मणका जाड तबकडीसारखा, बाजूंनी लांब पंखे असलेला आणि अंतर्बाह्य सच्छिद्र असतो. पायाच्या लांब हाडावरून निर्णय करणे कठीण जाते, कारण हत्तीच्या पायाच्या हाडातही इतर प्राण्यांप्रमाणे मोकळी मज्जापोकळी नसते, तिथेही छिद्रांची जाळीच भरलेली असते. सांध्याची गोल टोके दिसली तर मात्र देवमासा बाजूला पडतो, कारण त्याच्या वल्ह्यासारख्या हातात खांद्याखेरीज तसे हलते सांधे उरलेले नाहीत.

त्यानंतरचा प्रश्न: हत्ती असेल, पण आजचा असेल तर? सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला २००२ च्या सुमारास कर्नाटकातून रानटी हत्ती आले आणि तेव्हापासून त्यांचा वावर आहे. संस्थानिकांचे, देवस्थानांचे पाळीव हत्तीही कुठे ना कुठे पुरले गेले असणार. वजन, रंग आणि कठीणपणा यांवरून जीवाश्म ओळखता येतो हा समज अर्धवटच खरा आहे. खाजणाच्या चिखलात शंभर वर्षांत हाड काळे पडते, तर कोरड्या जागी हजारो वर्षे जुने हाडही फिकट राहते. म्हणून शंका असेल तोवर ती वस्तू आजच्या हत्तीची आहे असेच गृहीत धरून वागावे.

याचे कायदेशीर महत्त्व आहे. हत्ती हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे. रानटी हत्तीचा सुळा ही शासनाची मालमत्ता ठरते आणि अशी मालमत्ता ताब्यात आल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे कळवणे बंधनकारक आहे. ‘हे जीवाश्म आहे असे वाटले’ म्हणून सुळा घरात ठेवणे कोणालाही अडचणीत आणू शकते.

तिसरी पायरी: कोणाला कळवावे

ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालय यांना लेखी कळवून त्याची पोच घ्यावी. हत्तीची शक्यता असेल तर वनविभागालाही त्याच दिवशी कळवावे आणि पंचनामा होणार असेल तर त्यात अक्षांश-रेखांश आणि खोली यांचा उल्लेख करून घ्यावा. पुढे हाच कागद जागेचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. अभ्यासासाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि आघारकर संशोधन संस्था, तसेच लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था यांच्याशी पत्राने संपर्क साधता येतो. पत्रात छायाचित्रे आणि नोंदीची प्रत जोडावी. अंदाजाने ठरवलेले नाव मात्र लिहू नये. ‘हत्तीकुळातील असावी अशी दाढ’ एवढे पुरेसे आहे.

समाजमाध्यमांवर नेमकी जागा जाहीर करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. बातमी पसरल्यावर कुदळी घेऊन येणारी माणसे एका दुपारीत जो थर उद्ध्वस्त करतात, तो हजारो वर्षांत साचलेला असतो.

चौथी पायरी: काढणे आणि जपणे

मोठी वस्तू काढण्याचे काम प्रशिक्षित माणसांनीच करावे. तरी पद्धत गावकऱ्यांना माहीत असावी, कारण मदतीचे हात त्यांचेच असतात. भोवतालची माती खणून वस्तू मातीच्या ओट्यावर उभी ठेवतात. तिच्यावर ओला टिश्यू कागद घट्ट बसवतात, म्हणजे प्लास्टर हाडाला चिकटत नाही. त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या आडव्या-उभ्या गुंडाळतात, लांब वस्तू असेल तर बांबूच्या कामट्यांचा आधार देतात आणि प्लास्टर सुकल्यावर ओटा खालून कापून सगळा गोळा उलटवतात. गोळ्यावर उत्तर दिशेचा बाण, वरची बाजू आणि नोंद क्रमांक लिहायला विसरू नये. प्लास्टर किती पातळ कालवायचे, ते किती वेळात आवळते, ही जाण पेणच्या गणपती कारखान्यांतील कारागिरांना उपजत असल्यासारखी असते. रायगड जिल्ह्यात असा प्रसंग आला तर त्यांची मदत जरूर घ्यावी.

समुद्रातून किंवा खाजणातून आलेली वस्तू उन्हात वाळवणे ही सर्वांत घातक गोष्ट आहे. पाणी उडून गेले की आतील मिठाचे स्फटिक फुगतात आणि हाडाचे पापुद्रे सुटतात, सुळा तर उभा चिरत जातो. अशी वस्तू प्लास्टिकच्या पिंपात समुद्राच्याच पाण्यात ठेवावी, मग हळूहळू त्यात गोडे पाणी मिसळत जावे आणि शेवटी निव्वळ गोड्या पाण्यात ठेवून ते पाणी वरचेवर बदलावे. आकारानुसार याला अनेक आठवडे किंवा महिने लागतात. त्यानंतर सावलीत, ओल्या फडक्याखाली, सावकाश वाळवावे.

फेव्हिकॉल, वॉर्निश, खोबरेल तेल, शेंदूर यांपैकी काहीही लावू नये. संग्रहालयांत पॅरालॉइड बी-७२ नावाचे राळेसारखे द्रव्य अ‍ॅसिटोनमध्ये पातळ करून लावतात, कारण ते पुन्हा विरघळवून काढता येते. पण तेही संपूर्ण वस्तूला लावण्यापूर्वी एक तुकडा आणि मूठभर माती अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून तशीच बाजूला ठेवावी लागते, नाहीतर कालमापनाच्या वेळी बाहेरचा कार्बन आकडा बिघडवतो.

पाचवी पायरी: दाढेचे वाचन

हत्तीकुळाच्या वर्गीकरणात दाढेइतका विश्वासू साक्षीदार दुसरा नाही. ती कठीण असल्याने टिकते आणि तिच्यावर प्राण्याचा आहार, वय आणि वंश तिन्ही उमटलेले असतात. खरे तर ही ओळख पटवायला पदवी लागते असे नाही. अठराव्या शतकात अमेरिकेतील कॅरोलिना प्रांतात स्टोनो येथे जमिनीतून प्रचंड दाढा निघाल्या, तेव्हा तिथे गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी त्या हत्तीच्या दाढा आहेत असे एकमुखाने सांगितले. हत्ती त्यांनी प्रत्यक्ष पाहिला होता. मार्क केट्सबी या इंग्रज निसर्गअभ्यासकांनी ते मत नोंदवून ठेवले. त्या दाढा हत्तीकुळातीलच, बहुधा मॅमथच्या होत्या. वस्तू ओळखण्यात त्या भूमीतील आणि त्या प्राण्याशी परिचय असलेल्या माणसांचे मत आधी ऐकावे, हे मला या प्रसंगावरून फार पटते.

हत्तीची दाढ ही इनॅमलने मढवलेल्या अनेक उभ्या पट्टिका एकापुढे एक रचून आणि त्यांमधील फटी सिमेंट नावाच्या हाडासारख्या द्रव्याने भरून बनलेली असते. प्रत्येक पट्टिकेच्या आत डेंटीन असते. चघळताना ही तीन द्रव्ये कमी-जास्त झिजतात आणि पृष्ठभागावर इनॅमलच्या आडव्या कडा उभ्या राहतात. आयुष्यात जबड्याच्या प्रत्येक बाजूला अशा सहा दाढा एकामागून एक येतात. नवी दाढ मागून पुढे सरकते आणि जुनी पुढच्या टोकाकडून झिजत तुटून जाते. म्हणून आपल्या हातातील दाढ सहांपैकी कितवी, हे ठरवल्याशिवाय पट्टिकांची संख्या निरर्थक ठरते. पिल्लाच्या दाढेत पट्टिका थोड्या असतात आणि सहाव्या, म्हणजे शेवटच्या दाढेत सर्वाधिक. तुलना शक्यतो सहाव्या दाढेवरून करतात. तिच्या मागे दुसऱ्या दाढेचा दाब पडल्याची सपाट खूण नसते, मागचे टोक निमुळते होत जाते.

वरची की खालची हेही ठरवावे लागते. चघळण्याचा पृष्ठभाग पुढून मागे पाहताना खालच्या दाढेत खोलगट असतो, वरच्या दाढेत किंचित फुगीर असतो. खालची दाढ अरुंद, लांबट आणि बाजूला वळलेली असते.

आता मोजमापे. पहिले, पट्टिकांची संख्या. दोन्ही टोकांच्या अर्धवट पट्टिका वेगळ्या लिहाव्यात. दुसरे, दहा सेंटीमीटर लांबीत किती पट्टिका बसतात. हे माप दाढेच्या दोन्ही बाजूंनी, तळाशी आणि माथ्याशी घेऊन सरासरी काढावी, कारण वळणाच्या आतल्या बाजूला पट्टिका दाटीने असतात. तिसरे, इनॅमलची जाडी, झिजलेल्या कडेवर व्हर्नियर कॅलिपरने अनेक ठिकाणी. चौथे, न झिजलेल्या सर्वांत उंच पट्टिकेची उंची आणि दाढेची रुंदी यांचे गुणोत्तर. दाढ अर्धी झिजलेली असेल तर हे चौथे माप घेऊच नये.

लोकरी मॅमथच्या शेवटच्या दाढेत साधारण २० ते २७ पट्टिका असतात, त्या अतिशय दाट असतात (दहा सेंटीमीटरमध्ये बहुधा ७ ते १०) आणि इनॅमल जेमतेम दीड ते दोन मिलिमीटर जाड असते. त्याचा दक्षिण युरोपातील प्राचीन पूर्वज मॅमथस मेरिडिओनॅलिस याच्या दाढेत पट्टिका साधारण १२ ते १४ आणि इनॅमल बरेच जाड. लाखो वर्षांत पट्टिका वाढत गेल्या, दाढ उंच होत गेली, इनॅमल पातळ होत गेले. मऊ पाल्याकडून वाळूकणांनी भरलेल्या कोरड्या गवताकडे आहार वळल्याची ती खूण आहे. आशियाई हत्तीच्या शेवटच्या दाढेतही पट्टिका वीसच्या वर असतात, आणि नेमकी इथेच नवखा अभ्यासक त्याला मॅमथ समजून बसतो. पण आशियाई हत्तीच्या इनॅमलची कड बारीक चुण्यांनी भरलेली असते, ते अधिक जाड असते आणि पट्टिका तुलनेने विरळ असतात. आफ्रिकी हत्तीच्या झिजलेल्या पट्टिका शंकरपाळ्याच्या आकाराच्या दिसतात आणि संख्येने थोड्या, साधारण १० ते १४, असतात. पॅलिओलॉक्सोडॉनमध्ये पट्टिका मधोमध किंचित फुगून टोक काढतात आणि नुकती झिजू लागलेली पट्टिका ‘ठिपका, रेघ, ठिपका’ अशी दिसते. स्टेगोडॉन या सर्वांपासून दुरूनच वेगळा कळतो. त्याची दाढ बुटकी आणि वरच्या आडव्या कंगोऱ्यांमध्ये खोल उतार असलेली असते.

या आकड्यांच्या सीमा एकमेकींत मिसळतात. एकाच कळपातील दोन हत्तींतही फरक असतो. म्हणून एका मापावरून निर्णय देणारा अहवाल मी विश्वासार्ह मानणार नाही. चारही मापे आणि कडेचा आकार एकाच दिशेने बोट दाखवत असतील तरच पुढे जावे.

सुळ्याचा तुकडा असेल तर त्याच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. बाहेरच्या भागातील या रेषांचा कोन मॅमथमध्ये बहुतेक ९० अंशांहून कमी आणि आजच्या हत्तींमध्ये सुमारे ११५ अंशांहून अधिक असतो. आतील भागात कोन बदलतात, तेव्हा मोजणी बाहेरच्या कडेजवळच करावी. मुद्दाम नवा काप मात्र घेऊ नये.

सहावी पायरी: वय

रेडिओकार्बन पद्धत साधारण ५०,००० वर्षांपर्यंतच चालते आणि त्यासाठी हाडात कोलॅजन हे प्रथिन शिल्लक असावे लागते. आपल्या उष्ण, दमट हवेत ते क्वचितच उरते. सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतील मॅमथच्या दाढांतून १० लाख वर्षांहून जुना डीएनए २०२१ मध्ये वाचता आला. तशी अपेक्षा कोकणात ठेवू नये. इथे बहुधा गाळातील वाळूच्या कणांना शेवटचा सूर्यप्रकाश कधी मिळाला हे मोजणारी पद्धत अधिक उपयोगी पडेल. तिच्यासाठी नमुना अंधारात, नळी ठोकून घेतात. सापडलेल्या जागेची भिंत त्यासाठी शाबूत असावी लागते, म्हणून वस्तू काढल्यावर खड्डा लगेच बुजवू नये.

सातवी पायरी: नाव

१७९६ मध्ये पॅरिसला जॉर्ज क्यूव्हिए यांनी मॅमथ, आशियाई हत्ती आणि आफ्रिकी हत्ती यांचे जबडे आणि दाढा यांची तुलना करून ते तिन्ही वेगळे असल्याचे दाखवले आणि एखादी प्राणिजात पृथ्वीवरून कायमची नाहीशी होऊ शकते ही कल्पना पक्की केली. १७९९ मध्ये ब्लुमेनबाख यांनी लोकरी मॅमथला शास्त्रीय नाव दिले. त्याच वर्षी लेना नदीच्या मुखाशी ओसिप शुमाखोव्ह या शिकाऱ्याला बर्फातला मॅमथ दिसला. १८०६ मध्ये मायकेल अ‍ॅडम्स तिथे पोहोचेपर्यंत सुळे विकले गेले होते आणि मांसाचा बराच भाग जनावरांनी खाल्ला होता, तरीही उरलेला सांगाडा सेंट पीटर्सबर्गला उभा राहिला.

नाव ठरवताना तुलना मूळ नमुन्याशी, म्हणजे ज्या वस्तूवरून ते नाव प्रथम दिले गेले तिच्याशी करावी लागते. मूळ नमुनाच चुकीचा असेल तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच हत्तीचे आहे. प्राण्यांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियस यांनी आशियाई हत्तीच्या वर्णनासाठी आधार घेतलेला, द्रवात जपलेला हत्तीचा गर्भ प्रत्यक्षात आफ्रिकी असल्याचे प्रथिने आणि डीएनए यांच्या तपासणीतून २०१३ मध्ये स्पष्ट झाले आणि त्याच्या जागी फ्लॉरेन्स येथील एका सांगाड्याला अधिकृत नमुना ठरवावे लागले.

पुरावा अपुरा असेल तर पूर्ण नाव देण्याचा मोह टाळावा. कुळ निश्चित आणि वंश संशयित असेल तर ‘हत्तीकुळ, वंश अनिश्चित’. वंश निश्चित पण जात नाही, तर ‘पॅलिओलॉक्सोडॉन, जात अनिश्चित’. जातीशी साम्य आहे पण खात्री नाही, तर ‘नमाडिकसशी तुलनीय’. असे लिहिण्यात कमीपणा नाही. काश्मीरमधील पांपोरजवळ २००० मध्ये सापडलेल्या हत्तीच्या कवटीचा सविस्तर अभ्यास अद्वैत जुकर आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केला आणि तिचे साम्य मध्य आशियातील पॅलिओलॉक्सोडॉन तुर्कमेनिकसशी दाखवले. सोबत ८७ दगडी हत्यारे होती आणि हाडे मज्जेसाठी फोडल्याच्या खुणाही होत्या. दोन दशके थांबून हे सांगता आले, कारण कवटी आणि हत्यारे कोणत्या थरातून आली हे माहीत होते.

मानवाच्या खुणांचा विचार कोकणातही करावा. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) हत्तीचे भव्य कातळशिल्प आहे, उक्षीलाही हत्ती कोरलेला आहे. ती चित्रे काढणाऱ्यांनी हत्ती कुठे पाहिला, या प्रश्नाचे उत्तर एखाद्या करळात किंवा समुद्रतळाच्या चिखलात असू शकते. म्हणून हाडावरच्या चिरा, खाचा आणि शेजारी मिळालेले धारदार दगडही हाडाइतक्याच काळजीने, स्वतंत्र पिशवीत आणि स्वतंत्र क्रमांकाने ठेवावेत.

वस्तू संग्रहालयाकडे सोपवताना नोंदणी क्रमांक मागून घ्यावा, कारण क्रमांक नसलेल्या नमुन्यावर लिहिलेला शोधनिबंध इतरांना तपासता येत नाही. शोधणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख संग्रहालयाच्या पत्रिकेवर आहे का हे स्वतः पाहावे आणि मूळ नोंदवहीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी, एक शाळेत ठेवावी. शक्य असल्यास गावासाठी प्लास्टरची प्रतिकृती मागावी; अनेक संग्रहालये ती करून देऊ शकतात, आणि पुढच्या वेळी खाजणात किंवा जाळ्यात काही आले तर पोरांना ती हातात घेऊन तुलना करता येईल.